‘कुटुंबासोबत’ या रकान्यातल्या बायका

(शहरी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी पुण्यात झालेल्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात खेड्यातून शहराकडे येणाऱ्यांबद्दल पुष्कळ बोलणं झालं. दुष्काळ, ऊसतोड, धरणात गेलेल्या जमिनी. ते सगळं आपल्या ओळखीचं आहे, आपण त्यावर मोर्चेही काढले आहेत. मला दिलेला विषय जरा आडबाजूचा आहे. एका शहरातून उठून दुसऱ्या शहरात जाणारी माणसं का जातात? त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. ती आधीच ‘शहरातली’ असतात, त्यामुळे त्यांचं काही मोडलं असेल असं कुणाला वाटत नाही. संयोजकांनी मला सांगितलं, ‘कारणं सांग.’ मी कागद घेऊन बसले, कारणांची यादी केली, आणि मग यादी फाडली. कारण दर वेळी एकच प्रश्न आडवा येत होता: हे कारण कुणाचं?

आधी माझ्याच घरचं सांगते. म्हणजे मी कुठे उभी राहून बोलते आहे ते कळेल.

आम्ही मूळचे सोलापूरचे. आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चारही भाषांत भांडणं व्हायची. आजोबा गिरणीत होते. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. पहिली कापडगिरणी १८७० च्या दशकात निघाली, आणि नव्वदच्या दशकापर्यंत मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद होत गेले. गिरणीतून सुटलेली माणसं यंत्रमागावर गेली. माझे वडील टॉवेलच्या मागावर होते. आणि आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांतल्या बायका विड्या वळायच्या. आईही वळायची. मांडीवर सूप, त्यात पाला आणि तंबाखू. पाला भिजवायचा, पत्र्याच्या मापाने कापायचा, वळायचा, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजारभर विड्या. त्या घेऊन कारखान्यात जायचं, तिथे तपासणारा मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढणार आणि त्याचे पैसे कापणार. चांगलं काम होतं असं मी म्हणत नाही. तंबाखूच्या खकाण्याने आई रात्री खोकायची, मान धरायची. पण तिच्याकडे विडी कामगाराचं कार्ड होतं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यामुळे आणि त्यानंतर झालेल्या कल्याण निधीमुळे त्या कार्डावर दवाखाना होता, प्रॉव्हिडंट फंड होता, मुलांना शिष्यवृत्ती होती. माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या शिष्यवृत्तीतून निघायचा.

२००१ साली वडिलांच्या मालकाने माग विकले. सहा महिने वडील कधी इथे, कधी तिथे. चिंचवडला आत्याचे यजमान होते, त्यांनी वॉचमनची जागा बघून दिली. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही सामान बांधून निघालो. मी बारा वर्षांची होते.

आता हिशेब बघा. त्या सहा महिन्यांत आमच्या घरात नेमाने येणारा पैसा आईचा होता. वडिलांचं चिंचवडचं काम कच्चं होतं, पहिल्या महिन्याचा पगारही उशिरा झाला. म्हणजे आम्ही चालू असलेली कमाई टाकून होईल-न-होईल अशा कमाईच्या मागे गेलो. अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे बसतं? बसतं ते दुसऱ्या हिशेबात. बायकोच्या विड्यांवर बसून खाणं वडिलांना सहन होत नव्हतं. गल्लीत लोक बोलायला लागले होते. वडील वाईट नव्हते, आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण त्यांची लाज हे आमच्या स्थलांतराचं मोठं कारण होतं. पुरुषाचं काम गेलं की ‘घरातलं काम गेलं’ असं धरतात. बाईचं काम चालू असलं तरी ते मोजणीत नसतं.

चिंचवडला आईचं कार्ड कपाटात गेलं. पुणे शहरात एके काळी विडीचं काम होतं, पण आम्ही उतरलो त्या वस्तीच्या आसपास तसला कारखाना नव्हता. महिन्याभरात ती दोन घरची धुणीभांडी करायला लागली. कार्ड नाही, फंड नाही, शिष्यवृत्ती बंद. सोलापूरचा फंड काढायला तिला चार वर्षं लागली. अर्जावर कारखान्याची सही पाहिजे, नोंदीत नाव माहेरचं, बाकी कागदांवर सासरचं. प्रत्येक खेपेला एक दिवस जायला-यायला आणि दोन घरच्या बाईसाहेबांची बोलणी. गंमत म्हणजे, आम्ही आलो त्याच सुमारास सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस सुरू झाली. पहाटे बसलं की साडेदहा-अकराला पुण्यात. आमच्या गल्लीतली निम्मी तरुण मुलं त्या गाडीने कायमची पुण्याला आली. आईला मात्र ती गाडी फंडाच्या खेपांसाठी आठवते.

मी समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गात स्थलांतराचे सिद्धान्त शिकवले. ढकलणारे घटक आणि खेचणारे घटक. इथे काम नाही म्हणून माणूस ढकललं जातं, तिथे मजुरी जास्त म्हणून खेचलं जातं. हे चूक आहे असं नाही. पण दोन गोष्टी मला तेव्हापासून डाचत राहिल्या. १८८५ साली रेव्हनस्टाइन नावाच्या माणसाने इंग्लंडच्या जनगणनेचे आकडे तपासून स्थलांतराचे नियम मांडले. त्यात त्याने लिहून ठेवलंय की बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात, फक्त जवळच्या अंतरावर. म्हणजे बायका हलतात हे शास्त्राला पहिल्यापासून माहीत होतं. आणि १९६६ साली ज्या एव्हरेट ली यांनी हे ढकलणं-खेचणं नीट मांडलं, त्यांनी मध्येच एका वाक्यात म्हटलंय की सगळीच माणसं आपला निर्णय आपण घेत नाहीत, मुलांना आईबाप नेतात आणि बायका नवऱ्यामागे जातात, आवडत्या जागेपासून तुटून जावं लागलं तरी. एवढं म्हणून ते पुढच्या मुद्द्यावर गेले. अर्ध्या माणसांची गोष्ट एका वाक्यात संपली.

तो तास झाला त्याच वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, जनगणनेच्या बाई आमच्या दारात आल्या. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, उन्हाने दमलेल्या. वडील पुढे बसले. मी पाणी घेऊन आले आणि तिथेच उभी राहिले. जनगणनेत विचारतात, शेवटचं वास्तव्य कुठे होतं आणि तिथून इथे येण्याचं कारण काय. काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत, इतर. यांतलं एकच निवडायचं. वडिलांचं ‘काम’ लिहिलं. माझं आणि भावाचं ‘कुटुंबासोबत’. आईची पाळी आली तेव्हा बाईंनी विचारलं, ‘माहेर कुठलं?’ वडील म्हणाले, ‘अक्कलकोट.’ त्यांनी लिहिलं, ‘लग्न.’ अहो, लग्न होऊन ती सोलापूरला आली होती, १९८६ साली. चिंचवडला ती आली पंधरा वर्षांनी, मागाच्या मालकाने माग विकले म्हणून, आणि हातातलं काम टाकून. पण कागदावर ती नवरीच राहिली. मीही गप्प बसले. दहा दिवसांपूर्वी ली शिकले होते, तरी गप्प बसले.

हे सांगण्याचं कारण असं की आपण सगळ्या ज्या आकड्यांवर बोलतो ते असे तयार होतात. सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत देशातल्या शंभरातल्या जवळजवळ एकोणतीस माणसांना स्थलांतरित म्हटलंय. पुरुषांत हे प्रमाण १०.७ टक्के, स्त्रियांत ४७.९ टक्के. आणि स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांच्या नावापुढे कारण ‘लग्न’. त्यातल्या पुष्कळ जणी खरोखरच लग्न होऊन गावातून गावात गेलेल्या आहेत, हे मला मान्य आहे. त्याच पाहणीप्रमाणे सगळ्या स्थलांतरांत शहरातून शहरात झालेली सुमारे सोळा टक्के आहेत, खेड्यातून शहरात आलेल्यांपेक्षा फार कमी नाहीत. या सोळा टक्क्यांतल्या बायका कोण, त्या काय टाकून आल्या, काय धरून आल्या? ते ‘लग्न’ आणि ‘कुटुंबासोबत’ या दोन रकान्यांखाली गाडलं गेलंय.

आणि रकाने काही आभाळातून पडलेले नाहीत. कारण विचारायला सुरुवातच १९८१ च्या जनगणनेत झाली. १९९१ मध्ये ‘नैसर्गिक आपत्ती’ हे कारण घातलं, २००१ मध्ये काढून टाकलं. दंगल हे कारण कधीच नव्हतं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली किती मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, हे तिथल्या मैत्रिणींना विचारा. त्यांनी काय सांगायचं? ‘इतर’. भीती हे माणसाला हलवणारं फार जुनं कारण आहे, आणि ते ‘इतर’मध्ये आहे.

भीतीवरून दुसऱ्या एका बाईकडे येते. आमच्या समुपदेशन केंद्रात आली होती, इचलकरंजीहून, चाळिशीच्या आतबाहेरची. मुलगी सोबत. नवरा मारायचा, सासरचे साथ द्यायचे. माहेर त्याच शहरात, चार गल्ल्या सोडून. आपण पटकन म्हणू, मग माहेरी का गेली नाही? गेली होती ना, पाच वेळा. पाचही वेळा भाऊ संध्याकाळी परत सोडून आला. चौकीतला हवालदार दिराच्या ओळखीचा. त्या शहरात ती जिथे जाईल तिथे ती कुणाची तरी सून होती. सूत भरायच्या कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या बाईची बहीण पुण्यात होती. तेवढ्या एका पत्त्यावर ती इथे आली. मी तिला विचारलं, पुणंच का? ती म्हणाली, ‘इथं मला कोण वळखतंय?’

पुस्तकात खेचणारा घटक म्हणजे जास्त मजुरी. हिला खेचलं ते अनोळखीपणाने. शेजारी विचारलं तर सांगते, ‘मिस्टर गावाला असतात.’ तिच्या घरी पाहणीवाला येईल आणि ‘काम’ लिहील, कारण ती केटरिंगला पोळ्या लाटायला जाते. मारहाण कुठेच येणार नाही. नव्वदच्या दशकापासून आपण परित्यक्तांवर एवढं काम केलं, पण परित्यक्ता ही शहर बदलणारी बाई आहे, या अंगाने तिच्याकडे आपणही कमी बघितलंय. टाकलेली असो की स्वतः निघालेली, त्याच गावात ती राहू शकत नाही. खेड्यातली तालुक्याला येते आणि शहरातली दुसऱ्या शहरात जाते.

आल्यावर काय होतं ते बघा. पहिली गोष्ट खोली. एकट्या बाईला खोली मिळत नाही हे इथे कुणाला सांगायला नको. त्यात आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की खोली ‘कालच गेली’. मुसलमान असेल तर फोनवरच जाते. दुसरी गोष्ट रेशन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख झाली. आपण टाळ्या वाजवल्या, बरोबरच होतं. पण ती मोठी बाई म्हणजे हिची सासू! एक देश एक रेशनकार्ड ही योजना २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत लागू झाली, कुठल्याही शहरात धान्य घेता येतं. कार्ड प्रवास करतं, पण कुणाचं? जिचं नाव सासूच्या कार्डात अडकलंय तिला आधी तिथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. ज्या घरातून ती रात्री निघाली त्या घराच्या कागदावरून स्वतःचं नाव काढायला तिला परत त्याच शहरात जायचंय. आमची ही बाई तीन वेळा गेली. तिसऱ्यांदा आमची एक कार्यकर्ती सोबत गेली तेव्हा दाखला मिळाला.

इथे कायद्याचं एक सांगून टाकते, कारण अजूनही चौकीत आपल्याला ‘जिथं घडलं तिथं जा’ असं म्हणून परत पाठवतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. आणि नवरा-सासरच्या छळाच्या फौजदारी तक्रारीबद्दल एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय की सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही तक्रार चालवता येते. हा छळाचा गुन्हा पूर्वी ४९८ अ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ८५ मध्ये आहे. हे लिहून ठेवा आणि चौकीत जाताना कागद बरोबर न्या. तोंडी सांगितलेलं ऐकत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेल्या मुलींचं काय? त्या तर आपल्या पायावर, आपल्या नावाने येतात. येतात, आणि मला त्याचा आनंद आहे. लातूर, नागपूर, कोल्हापूर इथून पुण्याला नोकरीला आलेल्या मुलींचा एक गट आमच्याकडे येतो. त्यांच्या रकान्यात ‘काम’ असतं. पण रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो की कळतं, कामाच्या मागे अजून एक काहीतरी आहे. एकीला लग्नाचा तगादा चुकवायचा होता. एकीचं दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम होतं. एक म्हणाली, ‘ताई, घरी मला खिडकी लावून घ्यायला सांगायचे, एवढंच.’ काम हे त्यांचं कारण आहेच, आणि काम हे घरच्यांना सांगता येण्यासारखं कारणही आहे. मुलगा शहर सोडतो तेव्हा त्याला परवानगीसाठी कारण शोधावं लागत नाही.

हेही खरं की माणसं हलवणाऱ्या मोठ्या गोष्टी घराच्या बाहेर घडतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुणी गावाकडे गेलं, कुणी भिवंडीच्या मागांवर. हे आपण सगळे वाचतो. पण गिरणगावात त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. गिऱ्हाईकच शहर सोडून गेलं तेव्हा या बायकांचा धंदा बसला. त्याला गिरणी बंद पडणं म्हणत नाहीत. आणि गिरणीच्या आतल्या बायका तर संपाच्या कितीतरी आधीच बाहेर गेल्या होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, नंतर ती संख्या घसरत घसरत नावापुरती राहिली. म्हणजे भिवंडीला जायची वेळ आली तेव्हा ‘कामगार’ म्हणून जायला बायका उरल्याच नव्हत्या. ‘कुटुंबासोबत’ म्हणून गेल्या.

न गेलेल्या बायकांबद्दलही बोललं पाहिजे. सोलापूरजवळ कुंभारी इथे महिला विडी कामगारांची सहकारी सोसायटी आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लढून ती उभी केली. २००६ मध्ये तिथे दहा हजार घरं झाली. माझ्या आईची एक मैत्रीण तिथे राहते. तिच्या नवऱ्याला पुण्याला यायचं होतं, आमच्यासारखंच. ती म्हणाली, तुम्ही जा, मी येत नाही. नवरा दोन वर्षं पुण्यात राहिला आणि परत गेला. वस्ती गावाबाहेर, कारखान्यात जायला लांब, सुरुवातीला पाण्याचे हाल. आईची मैत्रीण पैशाने आमच्यापेक्षा बरी आहे असंही नाही. पण ‘येत नाही’ हे ती म्हणू शकली, कारण पायाखाली घर होतं आणि कार्ड हातात होतं. माझ्या आईला ‘नाही’ म्हणायचं होतं का? मी विचारलं. ती म्हणाली, ‘मला कोणी विचारलं नव्हतं, मग काय सांगू?’

आता कामाचं. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात ‘शेतावरचं किंवा घरच्या उद्योगातलं बिनमोल काम धरून’ असे शब्द आले. स्त्री चळवळीतल्या आणि अभ्यासक बायकांनी मागे लागून लागून ते घडवलं. म्हणजे रकाने बदलता येतात. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. सरकारने २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेची अधिसूचना काढली, संदर्भ-तारीख १ मार्च २०२७. प्रश्न ठरवणं आपल्या हातात नसलं तरी उत्तर कुणी द्यायचं हे आपल्या हातात आहे. वस्तीतल्या बैठकांत एवढं सांगा की शेवटचं वास्तव्य म्हणजे माहेर नव्हे, याआधी जिथे राहत होता ती जागा, आणि स्वतःचं कारण स्वतः सांगा. दारात नवरा बसला असला तरी शेजारी जाऊन बसा.

आमच्या केंद्रातला केसपेपरही आम्ही बदलला. आधी त्यात ‘मूळ गाव’ एवढाच रकाना होता. आता चार आहेत: याआधी कुठल्या शहरात होता, तिथे तुम्ही काय काम करत होता, इकडे यायचं कुणी ठरवलं, आणि येताना काय मागे राहिलं. शेवटच्या रकान्याला आम्ही पहिल्यांदा एकच ओळ ठेवली होती, ती पुरली नाही. एका बाईने भांडी लिहून दिली, दुसरीने भिशीचे अडकलेले पैसे, तिसरीने मुलीची दहावी. आता अर्धं पान ठेवलंय. फॉर्मच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. जेवणानंतर गटांत बसू तेव्हा आधी आपापल्या आईचा भरून बघा. ज्यांना आईचं उत्तर माहीत नसेल त्यांनी जागा कोरी ठेवा, आपण त्यावरच बोलू.